बघायचं दुसऱ्याने

त्या दुकानात नियम पुष्कळ होते, पण मोडला तर काका जेवायचे नाहीत असा एकच होता. हत्यार जागेवर नसलं तर ते कुरकुरत, सिलिंडरच्या चावीला कुणी हात लावला तर आवाज चढवत, पण दुपारी डबा उघडून शांतपणे जेवत. हा नियम मात्र वेगळा. ज्याने वस्तू केली त्याने ती तपासायची नाही. बघायचं दुसऱ्याने.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि बांधाबांधी, तिथे काकूंचं राज्य. मागच्या खोलीत ज्योत, तिथे काकांचं. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी ते करत आणि फुटलेली जोडून देत. काम पाहायला सोपं वाटतं. काचेची नळी ज्योतीत धरायची आणि दोन्ही हातांनी सारख्या गतीने फिरवत राहायची. मऊ झाली की तोंडात धरलेल्या रबरी नळीतून फुंकर घालायची. फिरवणं क्षणभर थांबलं तरी काच एका अंगाला ओघळते आणि मग तिचं काही करता येत नाही. वस्तू झाली की ती भट्टीत ठेवायची, भट्टी बंद करायची आणि दार सकाळीच उघडायचं, म्हणजे काच सावकाश निवते. घाईने निवलेल्या काचेत ताण राहतो. वरून ती चकचकीत दिसते आणि एखाद्या दिवशी टेबलावर ठेवल्या ठेवल्या तडकते.

हा ताण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दुकानात एक पेटी होती. खाली दिवा आणि त्यावर प्रकाश गाळणाऱ्या दोन पट्ट्या. पट्ट्या अशा बसवलेल्या की मधे सगळा अंधार. भांडं त्यांच्यामध्ये धरलं की जिथे ताण असेल ती जागा उजळून उठायची, आणि चांगलं भांडं अंधारात अंधारच राहायचं. "जिथे उजेड तिथे गडबड," काका नव्या गिऱ्हाइकाला समजावत, आणि घाईघाईने पुढे जोडत, "म्हणजे या पेटीपुरतं म्हणतोय हं. बाकी जगात उजेड चांगलाच."

आणि नियमाचं कारण विचारलं की म्हणत, "आपल्या हातची वस्तू आपल्याला वाकडी दिसत नाही. दिसलीच तर माणूस म्हणतो, दिवा खराब आहे."

काकांना एकच मुलगी. लहानपणी जेवायला बसली की चमचा असो, पेन्सिल असो, काही ना काही दोन बोटांत धरून फिरवत बसायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेत बाईंनी तक्रार केली तेव्हा काका म्हणाले होते, "फिरवू द्या. आमच्यात फिरवणाऱ्याला पोट भरता येतं." पुढे ती ज्योतीवर बसली आणि थोड्या काळात बापाच्या दोन पावलं पुढे गेली. काचेच्या नळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ती दुसऱ्या नळीत बसवायची, दोन्ही टोकं अशी जोडायची की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये, हे काकांना यायचं. भिंगरीला ते गप्पा मारता मारता यायचं. तिने केलेलं भांडं पेटीत धरून काका बराच वेळ बघत बसत. काकू पुढच्या खोलीतून ओरडत, "दोष शोधताय की आरती ओवाळताय?"

काचकाम करणाऱ्याच्या बोटांवर भाजल्याचे डाग असायचेच. म्हणून भिंगरीच्या अंगठ्यावर आणि बोटांच्या पेरांवर नवे डाग दिसायला लागले तेव्हा काकांनी मलम आणून दिलं आणि चिमटा कसा धरावा यावर एक व्याख्यान दिलं. मग एक डाग ओठावर दिसला.

"अहो, ओठावर कसं भाजतं?" काकूंनी विचारलं.

"फुंकताना."

"फुंकायला रबराची नळी असते ना? तुमचा कधी भाजलाय ओठ?"

"घाई करते ती. सांगतो मी तिला."

त्यांनी सांगितलंही. काच गरम असताना तोंडाजवळ नेऊ नये, वगैरे. भिंगरीने मान खाली घालून ऐकून घेतलं. काकूंना आणखीही बरंच दिसत होतं. मुलगी वाळत चालली होती, दिवसाढवळ्या झोपत होती, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालत होती. एक मित्र दुकानात यायचा, बोलायला इतका मधाळ की काकूंनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. तो आला की भिंगरी बाहेर जायची आणि परत यायची तेव्हा तिचे डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. काकू एकेक गोष्ट बोलून दाखवत आणि काकांकडे प्रत्येकीला उत्तर तयार असे. काम वाढलंय. वय आहे. हवा बदलली. थोडक्यात, दिवा खराब आहे.

मग एका दुपारी भिंगरी बस थांब्यावर कोसळली आणि दोघांना इस्पितळातून बोलावणं आलं. तिथल्या नर्सबाईंनी तिची पिशवी एका स्टीलच्या ट्रेमध्ये रिकामी केली. कंगवा, किल्ल्या, आणि रुमालात गुंडाळलेली काचेची एक चिलीम. लिंबाएवढा फुगा आणि त्याला बारीक मान.

"यात नशेची पूड तापवतात आणि धूर ओढतात," डॉक्टर म्हणाले. वयाने लहान होते, पण बोलताना नजर चुकवत नव्हते. "कितीतरी दिवसांचं व्यसन आहे हे. तुमच्या लक्षात आलं नाही?"

काकांनी ती चिलीम उचलली. खिडकीच्या उजेडात धरली. बोटांत हळूच फिरवली. फुगा सगळीकडून सारख्या जाडीचा. मान बसवली होती तिथे गाठ नाही, वळी नाही.

"जोड फार सुंदर आहे," ते म्हणाले.

नर्सबाईंनी ट्रे उगाच सरळ केला. काकूंनी नवऱ्याकडे जे पाहिलं ते पाहणं काका पुढे जन्मात विसरले नाहीत. आणि मग, आपलंच वाक्य कानात शिरल्यावर, त्यांना कळलं की असा जोड करणारे हात त्या गावात दोनच माणसांचे होते आणि त्यातल्या एकाने तो केलेला नव्हता.

त्यांच्याच ज्योतीवर, त्यांच्याच नळीतून, ते जेवून डुलकी काढत तेव्हा ही वस्तू झाली होती. इतक्या बारक्या वस्तूला भट्टीही लागत नाही. ज्योत मंद करून तिथल्या तिथे निववायची, खिशात टाकायची आणि निघायचं. ती कधी भट्टीत गेलीच नाही, म्हणून पेटीपुढे आलीच नाही, म्हणून दुसऱ्याने बघायचा प्रश्नच आला नाही.

"मुलगी आत शुद्धीवर नाही," काकू बाहेरच्या बाकावर म्हणाल्या, "आणि हे जोड बघतायत."



*

त्यानंतरचं फार लांबवत नाही. भिंगरी व्यसनमुक्ती केंद्रात गेली, बरी होऊन आली, परत घसरली, परत गेली. दुसऱ्या खेपेला तिला कुणी नेलं नाही. ती स्वतः पिशवी भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चल सोडायला. एकटी निघाले तर वाटेत वळेन." काकू घरच्या चपलांवर तशाच निघाल्या.

गिऱ्हाइकं विचारत तेव्हा काका सांगत, "बाहेरगावी गेलीय. नवं तंत्र शिकायला." कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांना हे इतकं पटलं की भिंगरी परत आल्यावर त्यांनी कौतुकाने विचारलं, "मग? काय काय शिकलीस?"

"बसून राहायला, सर," भिंगरी म्हणाली. "फार अवघड तंत्र आहे."

सर मोठ्याने हसले. काका मागच्या खोलीच्या दारात खोकले.

केंद्रात एक ताई होत्या, सगळ्या घरच्या लोकांना बसवून समजावणाऱ्या. त्यांनी निघताना सांगितलं, "तिचे खिसे तपासू नका. ती सांगेल तेव्हा ऐका. आणि ऐकताना तोंड बंद ठेवा."

"तोंड बंद ठेवणं यांना जमेल," काकू म्हणाल्या. "खिशांचं नाही सांगता यायचं."

काकू नवऱ्याला पुरत्या ओळखून होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि काका तर धंद्यानेच फुंकणारे. त्यांनी खिसे तपासले नाहीत, पण खुंटीवरच्या तिच्या जाकिटाला जाता येता वास घेतला. रोज संध्याकाळी ती गेली की फुटक्या काचेचा डबा उपसून बारीक नळीचा तुकडा दिसतो का ते पाहिलं. सिलिंडरची चावी दोरीत ओवून गळ्यात घातली. "मंगळसूत्र शोभतं हो," काकू म्हणाल्या.

भिंगरीने झाडू मारला, भुसा भरून खोकी बांधली, नळ्या मापात कापल्या. मग काका शेजारी बसले असताना लहानसहान जोड केले. एकदा नळी ओघळली तेव्हा तिने ती शांतपणे ज्योतीबाहेर काढली, डब्यात टाकली आणि दुसरी घेतली. पूर्वीची भिंगरी असती तर चिमटा भिंतीवर गेला असता. काकांच्या ते लक्षात आलं, पण ते बोलले नाहीत. ताईंनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

काका कशाला भीत होते ते अगदी साधं होतं. भिंगरीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. ती सावरायची तर या ज्योतीपुढेच सावरणार होती. आणि चिलमी झाल्या होत्या त्याही या ज्योतीपुढेच. तिला एकटीला तिथे बसवावं तर जीव धास्तावे. न बसवावं तर मुलगी आयुष्यभर पहाऱ्यातली राहील. चावी गळ्यात घालून ते मधल्यामध्ये लोंबकळत होते.

अशात सरांचं काम आलं. वाफ निववायचं मोठं भांडं, कंडेन्सर, आत एकात एक दोन गुंडाळ्या. काकांच्या अंगठ्यांचे सांधे सुजून गाठी आल्या होत्या. दोन्ही हात आता सारख्या गतीने फिरत नसत. त्यांनी नळी घेऊन पाहिली, ठेवून दिली आणि सरांना म्हणाले, "करून देऊ." देऊ म्हणजे कोण, ते दोघींनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजनवाल्याचा निरोप आला की गाडी बंद आहे, पुढचा सिलिंडर स्वतः येऊन न्या. गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी गळ्यातली दोरी काढली, चावी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि छत्रीसाठी हात लांब केला.

"बाबा, चावी विसरलात," भिंगरी म्हणाली.

"विसरलो नाही."

तिने खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "छत्री कशाला? ऊन पडलंय."

"हातात काहीतरी असावं म्हणून."

काका परतले तेव्हा दिवस कलला होता. ज्योत बंद होती, भट्टीचं दार लागलेलं होतं, ओटा पुसलेला होता. भिंगरी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती.

"झाली गुंडाळी?"

"आतली झाली. भट्टीत आहे. सकाळी बघू." तिचा आवाज दमलेला होता. "मी घरी जाते, बाबा."

ती गेली. काकू खोकी बांधत होत्या. काका सवयीने फुटक्या काचेच्या डब्याशी गेले. वरचे दोन तुकडे बाजूला केले आणि खाली त्यांना दिसला नखाएवढा, बारीक नळीचा कापलेला शेंडा. कंडेन्सरमध्ये इतकी बारीक नळी कुठेच लागत नाही.

त्यांनी तो शेंडा मुठीत धरला, काच टोचेपर्यंत. भट्टीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडलं तर गुंडाळी तडकणार. त्यांनी दार उघडलं नाही. घरी भिंगरी लवकर झोपली होती. काकांनी शेंडा कुणालाच दाखवला नाही.

*

सकाळी ते दोघींच्या आधी दुकानात आले. भट्टी निवली होती. दार उघडलं. पुढेच गुंडाळी होती, वेढ्यावर वेढा, मधलं अंतर मापून घेतल्यासारखं. आणि तिच्या मागे, अंग चोरून बसल्यासारखी, काचेची चिलीम. लिंबाएवढा फुगा, बारीक मान.

काका स्टुलावर बसले. मनात एकामागून एक येत गेलं. काकूंना कळायच्या आत फोडून टाकावी. ताईंना फोन करावा. चावी परत गळ्यात घालावी. नाही, ज्योतच विकून टाकावी. चावी खिळ्याला टांगणाऱ्या शहाण्याला काय म्हणावं, आणि वर छत्री घेऊन निघालेल्या! त्यांना स्वतःचा असा राग आला की हातातली चिलीम जमिनीवर आपटायला त्यांनी हात वर केला.

आणि हात तसाच राहिला. काचवाल्याचं डोकं काचेच्या वाटेनेच चालतं. त्यांच्या मनात आलं, ही भट्टीत कशाला?

असल्या वस्तूला भट्टी लागत नाही. तिला हे ठाऊक आहे. खिशात घालून न्यायची वस्तू कुणी अशा जागी ठेवत नाही, जिचं दार सकाळी बापच उघडतो.

पुढचं दार वाजलं. काकू आणि भिंगरी एकत्रच आल्या. भिंगरी मागच्या खोलीच्या उंबऱ्यात थांबली. बापाच्या हाताकडे तिने पाहिलं.

"सापडली," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मला वाटलं कालच उघडाल दार."

"भट्टी सकाळीच उघडायची," काका म्हणाले.

"तेच ना. म्हणून तिथे ठेवली." तिने खाली पाहत बोलायला सुरुवात केली आणि मग मान वर करून बोलली. "काल त्याचा फोन आला होता. गोडबोल्याचा. कुठून नंबर मिळवला कोण जाणे. म्हणाला, एक करून दे, पूर्वीसारखी, बदल्यात तुझीही सोय करतो. मी नाही म्हटलं. फोन ठेवला. नाही म्हटलं म्हणून इतकं बरं वाटलं बाबा, आणि बघते तर हातात बारीक नळी. हातांनी आपलं सुरू केलं होतं. त्याच्यासाठी नव्हे. माझ्यासाठी."

"मी पुढेच होते गं," काकू म्हणाल्या. "उठून माझ्याकडे यायचंस."

"तुझ्यापर्यंत यायला पुढच्या खोलीत यावं लागतं. पुढच्या खोलीला रस्त्याचं दार आहे." ती थांबली. "मी ती ज्योतीवर निववणार होते. खिसा उघडून धरला होता. मग म्हटलं, भट्टीत टाकली तर सकाळपर्यंत मला स्वतःलाच काढता येणार नाही. हात भाजतील, गुंडाळी फुटेल. आणि सकाळी दार तुम्ही उघडणार. म्हणून टाकली आणि दार लावलं. मग तुम्ही येईपर्यंत बसून राहिले."

"बसून राहिलीस," काका म्हणाले.

"ते तंत्र शिकलेय ना."

काकांना खूप बोलायचं होतं. तुझा मला केवढा अभिमान वाटतो, हे त्यांना म्हणायचं होतं, पण असली वाक्यं त्यांच्या तोंडून कधी निघाली नव्हती आणि आताही निघेनात. ते नुसते हातातली वस्तू बोटांत फिरवत राहिले.

"पेटीत बघा," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"मी केलीय. मी बघायची नाही."

काकांनी पेटीचा दिवा लावला. दोन पट्ट्यांच्या मधे चिलीम धरली, आडवी, उभी, मान वर, मान खाली. अंधारात अंधार. कुठे एक ठिपका उजळला नाही. मग त्यांनी गुंडाळीही घेतली, आणि तिच्या एका टोकाशी पुसटसा उजेड दिसला.

"ही साफ आहे," ते म्हणाले. "गुंडाळीच्या टोकाला जरा ताण आहे. परत भट्टीत जाऊ दे."

"बरं," भिंगरी म्हणाली, कामाच्या सुरात.

"आणि आता म्हणा," काकू चौकटीतून म्हणाल्या, "म्हणून टाका एकदाचं. जोड फार सुंदर आहे."

आधी भिंगरीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ती रडतेय असं काकांना वाटलं, पण ती हसत होती. मग काकू हसल्या, पदराने डोळे पुसत, आणि सगळ्यांत शेवटी काका, खांदे हलवत, हातातली काच सांभाळत. इस्पितळातल्या त्या वाक्यावर इतक्या दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

"आहेच सुंदर," ते दम घेत म्हणाले. "मी काय खोटं बोललो होतो?" मग त्यांनी चिलीम तिच्यापुढे धरली. नापास वस्तू ज्याची त्याने फोडायची, हीही दुकानाची रीत.

"साफ आहे म्हणालात."

"साफ आहे. पण आपल्या दुकानातली नाही."

भिंगरीने ती घेतली, डब्यावर धरली आणि चिमट्याने एक ठोका दिला. साफ काच फुटताना आवाजही साफ येतो. तुकडे बारीक नळीच्या शेंड्याशेजारी जाऊन पडले. तो शेंडा काल दोन तुकड्यांखाली होता, पण काकांनी सकाळी परत टाकला तो वरच राहिला होता. भिंगरीने तो पाहिला, मग बापाकडे पाहिलं. काकांचे कान लाल झाले.

"आज मी ज्योतीवर बसणार नाही," ती म्हणाली. "ताईंकडे जाते. फोनचं आणि हे सगळं तिथल्या लोकांसमोर सांगायचंय. आज नाही सांगितलं तर उद्या मी याची रंगवून गोष्ट करीन, मग परवा विसरेन. आई, येतेस?"

"चपला घालूनच आहे," काकू म्हणाल्या. "आणि तो फोन दे इकडे. त्याचा परत आला तर मी बोलते. गोड बोलायला मलाही येतं."

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. नेहमीसारख्या काकू पुढे आणि भिंगरी मागे अशा नव्हे, दोघी बरोबर. काका कोपऱ्यापर्यंत बघत राहिले.

*

सर आले ते नेमके त्यानंतर. कंडेन्सर कुठवर आलंय ते बघायला, सहज म्हणून. काका एकटेच काउंटरवर होते आणि ती जागा त्यांची नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"आज कुणी नाही?" सरांनी विचारलं. "भिंगरी कुठाय? परत गेली की काय शिकायला?"

काकांच्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं. बाहेरगावी, नवं तंत्र. इतक्या वेळा बोललेलं वाक्य, बोटांनी आपोआप नळी फिरवावी तसं जीभ ते फिरवत असे. त्यांनी ते ज्योतीबाहेर काढलं.

"व्यसनमुक्ती केंद्रात गेलीय," ते म्हणाले. "तिथे व्यसन सोडणाऱ्यांची बैठक असते. मागेही तिथेच होती, सर. शिकायला वगैरे नव्हती गेली. पुडीचं व्यसन होतं तिला. आता सोडलंय. म्हणजे रोज सोडते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला... माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं."

"काही मदत लागली तर..." सर अडखळले. मग चांगल्या मनाने, पण घाईने म्हणाले, "आणि कंडेन्सरचं मनावर घेऊ नका हं. तिला त्रास नको. मी दुसरीकडून—"

"थांबा," काका म्हणाले.

ते मागच्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांवर गुंडाळी घेऊन आले, तान्हं मूल आणावं तशी. काउंटरवर काकूंच्या कागदाच्या भुशात ती अलगद ठेवली.

"ही तिने काल केली. दुकानात मी नव्हतो. चावी तिच्याजवळ होती." हे सांगताना त्यांची मान आपोआप ताठ झाली. "टोकाशी थोडा ताण आहे, अजून एकदा भट्टीत जाईल. बाकीचं ती करील. कधी, ते तीच सांगेल. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा."

सर वाकले. वेढ्यांमधून पलीकडचा रस्ता दिसत होता, लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक वेढ्यात एकेक. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"थांबतो," ते म्हणाले.

"सर, तुम्हाला सांगतो," काका म्हणाले. न बोलता येणारं वाक्य अखेर त्यांच्या तोंडून निघालं, आणि ते मुलीऐवजी रसायनाच्या सरांना ऐकायला मिळालं. "मी आणि माझ्या वडिलांनी या दुकानात जन्म घालवला. पण काल तिने जे केलं ना, तितकं अवघड काम इथे कुणी केलेलं नाही. मला तर जमलंच नसतं."

"हो, दिसतंच आहे," सर गुंडाळीवरून नजर न काढता म्हणाले. "काय सुरेख वेढे आहेत."

काकांनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. वेढेही सुरेख होतेच.